लोंबणारे दोरे

मित्रांनो, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद, एवढाच मी आता उरलो आहे. नऊशे वर्षांपूर्वी मी एका झग्याच्या बाहीवरची पट्टी होतो. विणकराने तलम कापडात तांबड्या रेशमाने अरबी ओळ विणली होती: 'हे घालणाऱ्याला सुख आणि आयुष्य लाभो.' मालक तिच्यावरून बोट फिरवायचा. तो गेला, तेव्हा मीही त्याच्याबरोबर मातीत गेलो.

शेकडो वर्षांनी मला उकरून काढलं. एका व्यापाऱ्याने ओळीच्या ऐन मध्यावर कात्रीची टोच मारली आणि मला टराटरा फाडलं. एका तुकड्याला एक गिऱ्हाईक, दोन तुकड्यांना दोन! 'सुख' माझ्याकडे राहिलं. 'आयुष्य' घेऊन माझं जुळं भावंड कुठे गेलं, कळलं नाही.

मला एका निवृत्त शिक्षिकेने घेतलं. तिच्याकडे असे तुकडे कपाटभर होते. धाकटा भाऊ चिडवायचा, "ताई, लोक दागिने जमवतात, तू चिंध्या जमव!"

"तुझ्यापेक्षा बऱ्या. उलटून बोलत नाहीत."

ती मला जिवापाड जपायची. म्हणूनच काचेत बसवण्याआधी तिने माझ्या फाटक्या कडेचे लोंबते दोरे कात्रीने सारखे केले. "आता कसा नीटनेटका दिसतोस!" मला ओरडता आलं नाही.

वीस वर्षांनी संग्रहालयातल्या बाई एक पेटी घेऊन आल्या. पेटीत माझं भावंड होतं! त्याचे दोरे तसेच, लांब-आखूड. आम्हाला शेजारी ठेवलं. बाईंनी भिंग लावलं.

"रंग तोच, वीणही तीच. पण असं कापड गठ्ठ्यांनी विणत. दोऱ्याला दोरा जुळला तरच एक म्हणता येतं. इथले दोरे कुणी कापले?"

"मीच," ताई म्हणाली. "लोंबत होते म्हणून..."

"मग यांना एकत्र नाही ठेवता येणार, ताई."

ताईने शिवणाचा डबा उपडा केला, टाचण्यांची उशी उसवली, चौकटीच्या फटी कोरल्या. भाऊ गुडघ्यांवर बसून कपाटाखाली चाचपडत होता. त्या दिवशी तो एकदाही हसला नाही. दोरे वीस वर्षांपूर्वीच केरात गेले होते. भावंड पुन्हा पेटीत गेलं, झाकण लागलं. शेजारी होतो तेव्हा आमच्यात एका बोटाचंही अंतर नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूचं लोंबतं टोक दिसलं, तर हात आवरा. ते कुणाला तरी शोधत असतं. ताई रोज माझ्या सरळ कडेवर बोट ठेवून बसते. मला ती कड अजून दुखते.