मावशींनी नाकारलेलं संत्रं

मित्रांनो, मानवजातीला भाषा शिकवण्याचं महान कार्य ज्यांनी केलं, त्यांच्यात माझं स्थान फार उंच आहे. म्हणजे फळ्याच्या वर, खिळ्याला. मी फळांचा एक जुना तक्ता आहे.

मी छापला गेलो त्या दिवशी पिवळी शाई संपत आली होती. त्यामुळे माझी केळी आजारी दिसतात आणि संत्र्याला लोक टोमॅटो म्हणतात. पण माझा रुबाब काय सांगू! संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात सर माझ्यावर छडी टेकवून नव्या भाषेत विचारत, "हे काय आहे?" पोटापाण्यासाठी या शहरात आलेले गवंडी, आचारी, शिंपी एका सुरात म्हणत, "हे सफरचंद आहे!" मला वाटायचं, भाषा म्हणजे मीच.

फक्त मागच्या बाकावरच्या मावशी तोंड उघडत नसत. लेकीकडे राहायला आलेल्या. सफरचंदावर छडी आली की त्या खिडकीबाहेर बघत.

एकदा त्यांचे जावई दारात येऊन म्हणाले, "सर, राहू द्या आता. या वयात काय जमणार? उद्यापासून घरीच थांबतील." मावशींनी पिशवीचा बंद घट्ट धरला.

जावई गेले. सरांनी छडी ठेवली, मावशींशेजारी बसले आणि त्यांच्याच बोलीत, अडखळत विचारलं, "मावशी, इथे येण्याआधी काय करायचात?"

"फळं विकायचे! स्वतःची गाडी होती माझी. इथेही लावायचीय. पण गिऱ्हाइकाशी बोलू कशी? आणि तुम्ही रोज मलाच विचारता, हे काय आहे!"

सर लाल झाले. इतकं लाल माझं सफरचंदही कधी नव्हतं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, बाकावर पसरलं आणि म्हणाले, "चला, मी गिऱ्हाईक. विका!"

आणि काय सांगू मित्रांनो! मावशींनी बाह्या सरसावल्या. "या साहेब, ताजी फळं!" नव्या भाषेत! क्रियापदं भलतीकडेच, पण बाजार सुरू!

"महाग आहे," सर म्हणाले.

"महाग? हातात घेऊन बघा! अहो, दाबू नका!"

वर्ग भोवती गोळा झाला. गवंडीदादा भाव पाडू लागले, आचारीबुवांना पिकलेलाच पेरू हवा. मावशींचा शब्द अडला. त्यांनी सरांची बाही ओढली, "'उद्या पिकेल' कसं म्हणायचं? लवकर सांगा, गिऱ्हाईक चाललं!" सरांनी सांगितलं. मावशींनी ते असं ओरडून म्हटलं की शेजारचा वर्ग डोकावला.

"बरं, हे संत्रं द्या," सर म्हणाले.

मावशी वाकल्या. निरखून पाहिलं. "हे नाही विकत मी, साहेब. नाव खराब होईल माझं."

हशा पिकला. माझी अशी अब्रू कोणी काढली नव्हती, आणि मी इतका खूशही कधी झालो नव्हतो!

तेवढ्यात जावई मावशींना न्यायला आले. मावशी नव्या भाषेत कडाडल्या, "जावईबापू, काय देऊ?"

"अर्धा डझन केळी," जावई चटकन बोलून गेले. मग मात्र मावशींना घरी थांबवण्याचा विषय त्यांना पुन्हा काढता आला नाही.

आता सर नव्या माणसाला आधी त्याच्या कामाचं, घरचं विचारतात, मग शब्द देतात. मी बराच वेळ कपाटामागे असतो. माझी तक्रार नाही. मित्रांनो, कोणाला काही शिकवायला जाल तेव्हा आधी समोरचा माणूस कोण आहे ते विचारा. छडी कुठे पळून जात नाही.

आणि जाता जाता, कोणाकडे नारिंगी खडू असेल तर माझ्या संत्र्यावर जरा फिरवा. मावशी उद्या पुन्हा येणार आहेत.