काळ्या मेंढीचं वाक्य

मृत्युंजय सरांचं हसणं ऐकलं की ऋतुजाला शिसारी यायची. सोलापुरातल्या त्यांच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात रोज दहा वाक्प्रचार पाठ करायचे आणि जो चुकेल त्याची सरांनी नक्कल करायची, असा रिवाज. 'ब्लॅक शीप' म्हणजे काळी मेंढी, म्हणजे घराण्याला काळिमा, हे फळ्यावर आलं त्या दिवशी ती पटकन बोलून गेली, "सर, आमच्या मेंढपाळांत काळ्या मेंढीलाच मान. घोंगडी तिच्याच लोकरीची." पुढं आठवडाभर सर तिला बघून "बेंऽ" करत होते. थूः! असल्या माणसाला सर म्हणायचं! पण गरजवंताला अक्कल नसते. एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर एकच मुलगी घ्यायची होती आणि निवड सरांच्या हातात होती.

निवडीच्या कार्यक्रमाला मंद्रूपहून तिचे वडील आले, धुळाप्पा, खांद्यावर काळ्या घोंगडीची घडी घेऊन. सरांनी ते पाहिलं आणि तिच्या कानाशी आले. तोंडाला माव्याचा घाण वास. "तुझा वाक्प्रचार ब्लॅक शीप. वाक्यात वडिलांना घे. पाहुण्यांना मजा येईल."

तरी ती माइकपाशी गेली आणि स्वच्छ उच्चारात म्हणाली, "माय फादर इज द ब्लॅक शीप ऑफ अवर फॅमिली."

सभागृह खदखदून हसलं. फादर, ब्लॅक आणि शीप हे शब्द धुळाप्पाला लेकीनंच शिकवले होते. तो उभा राहून टाळ्या वाजवत शेजारच्याला सांगू लागला, "आमच्या काळ्या मेंढीचं बोलली की वो पोरगी! माजंबी नाव घेतलं!"

नोकरी ऋतुजाला मिळाली. पत्र देताना सरांनी हळूच "बेंऽ" केलं, आणि तिनं तोंड भरून "थँक्यू सर" म्हटलं. म्हणवलं तरी कसं तिला!

एसटीत बसल्यावर धुळाप्पा तेच वाक्य घोकत होता. तिकिटाला आलेल्या कंडक्टरलाही त्यानं ते ऐकवलं. कंडक्टरनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि तिकिटं फाडून तो पुढं सरकला. इतके दिवस सरांची यायची ती किळस ऋतुजाला आता स्वतःची आली.

"आबा, ते कुनालाबी म्हनू नका," ती म्हणाली आणि तिनं अर्थ सांगितला.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

धुळाप्पानं हातातल्या तिकिटांची घडी घातली. "नोकरी लागली न्हवं तुला?"

"लागली."

"मग झालं की," म्हणत त्यानं तिकिटं खिशात ठेवली. मग खांद्यावरची घोंगडी काढून सीटखाली सारली.