पहिल्या स्टँडचा रोल

महाळुंग्याच्या त्या फाउंड्रीत सळई लाटणारा लोखंडी रोल ओतला, की तो खड्ड्यातल्या वाळूत उभाच ठेवतात. वरून लोखंड गोठतं, पण पोटातली आग लवकर निजत नाही. ती आपल्या पावलांनी जाईपर्यंत थांबायचं, एवढंच काम उरतं; आणि घाईच्या माणसाला तेच जड जातं. त्या खड्ड्याला सगळे पिट म्हणतात. एकट्या सोजराबाई म्हणतात, बाळंतिणीची खोली. साच्यांना आतून लेप देणाऱ्या बायकांत त्या सगळ्यांत जुन्या, याच गावच्या. रोल ओतला की कठड्याला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, जसा बाळंतिणीच्या दाराला बांधतात तसा, ही त्यांची रीत. आणि लेप देता देता गुणगुणायचं:

काळ्या वाळूच्या कुशीत, बाळ लोखंडाचं निजं
अंगी धग हाय बाई, हलवू नका कुणी शेज

त्या दुपारी डहाळा अजून हिरवा होता, आणि गेटातून रिकामा ट्रक आत आला.

ट्रकातून नवनाथ उतरला. चाकणच्या पलीकडच्या एका सळई मिलमध्ये तो पहिल्या स्टँडवर कामाला. भट्टीतून निघालेला लालभडक ठोकळा सगळ्यांत आधी ज्या रोलांच्या जबड्यात शिरतो, तो पहिला स्टँड. तिथला एक रोल चालता चालता मधोमध तुटला होता आणि तेव्हापासून मिल बंद होती. वाळूत निजलेला रोल त्यांच्यासाठीच ओतला होता.

वर्षाली बाहेर आली. कुठल्या मिलच्या कुठल्या स्टँडला कसला रोल द्यायचा, हे ठरवणं तिचं काम, आणि तयार रोल गेटाबाहेर सोडताना शेवटचा होकारही तिचाच. दोघं बीडकडचे. त्याच्याशी बोलताना तिच्या तोंडी माहेरची बोली आपसूक यायची.

“ताई, आज वाळूतून काढायला लावा. लेथवर चढू द्या, मी इथंच थांबतो.”

“आज? आरं, अजून धगधगायलाय तो. तुझ्या साहेबाला फोनवर सांगितलंय की मी.”

“साहेब म्हणले, तू जा. तुमच्या गावाकडची हाय, ऐकंल तुझं.”

“म्हणजे रोल न्यायला नाही, मला वळवायला धाडलंय.”

“तसं समजा.” नवनाथ हसला. मग आवारात तेल लावून ठेवलेल्या एका चकचकीत रोलाकडे त्याचं लक्ष गेलं. “मग ह्यो द्या की. तयार हाय, मापबी तेच दिसायलंय.”

“तो शेवटच्या स्टँडचा. काचेवानी कडक. सळईला गुळगुळीत करायला चांगला. पण पहिल्या स्टँडला ठोकळ्याचा दणका, वरून पाण्याचा मारा. तिथं चिवट लागतो, सोसणारा.”

“सोसायला आम्ही हावोत की.”

वर्षाली हसली नाही. “तुटलेला तसलाच कडक होता ना? मी नको म्हणत होते. तुझ्या साहेबानं मग दुसरीकडून आणला.”

नवनाथनं मान खाली घातली. “साहेबाचं नाव कशाला घेता. चिवट रोल लवकर झिजतो. घडीघडी बदलायचा, हाताची सालटं निघत्यात. मीच म्हणलो, कडक आणा, कटकट जाईल.”

रोल तुटला तेव्हाच्या आवाजानं त्याचा डावा कान बसला होता. बोलणाऱ्याकडे उजवा कान करून तो उभा राहायचा, दाराशी थबकलेल्या पाहुण्यासारखा तिरका.

“ताई, मिल चालू झाली न्हाई तर मालक भट्टी विझवणार. ऑर्डर जालन्याच्या मिलला जाणार. समदी पोरं खोलीवर बसून हायत. एकमेकांकडं बघत न्हाईत.”

तेवढ्यात रणजीत आला. फाउंड्रीचा मालक, जिथं आज पिट आहे तिथं त्याच्या आजाची बाजरी डोलायची. नवनाथचं त्यानं ऐकून घेतलं आणि कठड्यावरून वाकून पाहिलं.

“वरनं तर गार झालाय की.”

“वरूनच,” वर्षाली म्हणाली. “आता उचलला तर बाहेरचं अंग आधी गार होऊन अडून बसेल. आतलं मागून आखडायला लागेल, त्याला जागा मिळणार नाही. ती ओढाताण आत कोंडून राहते, भाऊ. वरून दिसत नाही. मग एखाद्या दिवशी ठोकळा शिरतो आणि रोल फुटतो.”

“फुटतोच? नक्की?”

तिला हो म्हणता आलं असतं. जीभ तिथवर आलीही होती.

“नक्की नाही. कदाचित कधीच फुटणार नाही.”

“मग झालं तर! आमच्या वडलांच्या काळात काय कमी घाईनं काढले व्हय? तू लई भितीस. पाहुण्यालाच विचारू. रोलापुढं उभं ऱ्हाणार तो, तू न्हाई का मी न्हाई.” रणजीत वळला. “काय रं भावा, काढू?”

“काढा,” नवनाथ लगेच म्हणाला. “माझी ना न्हाई.”

क्रेन सरकत आली. साखळी खाली उतरू लागली. सोजराबाई हातातला ब्रश ठेवून उठल्या, कठड्यापाशी आल्या आणि डहाळ्याच्या गाठीवर बोटं ठेवून वर्षालीकडे पाहू लागल्या.

“सोडू का गं, बाय?”

 वर्षाली नवनाथच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“रोलाच्या पलीकडून निघालेला ठोकळा चिमट्यानं कोण धरतं?”

तो खाली येणाऱ्या साखळीकडे बघू लागला.

“नवनाथ, तुझ्यासमोर कोण असतं?”

“धाकटा,” तो म्हणाला. “भीमराज.”

“त्याला विचारलंस?”

त्यानं मान फिरवली, डावा कान तिच्याकडे केला, जणू ऐकूच आलं नाही. वरून साखळीचा आकडा हलत होता. नवनाथनं पुढं होऊन वाळूवर तळहात टेकला. चुलीपुढच्या जमिनीसारखी वाळू ऊन लागली. हात त्यानं काढला नाही. भाकरी भाजली की नाही ते बघणाऱ्या बाईसारखा तो तिथंच वाकून राहिला. मग उठला आणि हात पॅंटला पुसला.

“ऱ्हाऊ द्या, मालक.”

“आरं, आता तर काढा म्हणत व्हतास!”

“ऱ्हाऊ द्या म्हणलं ना.”

तो ट्रकात जाऊन बसला. रिकामा ट्रक खड्ड्यांतून खडखडत गेटाबाहेर गेला. वाचलेल्या माणसाचा चेहरा वर्षालीला त्याच्यात कुठं दिसला नाही. सगळं घालवून निघालेल्या माणसाचाच दिसला.

रोल आपल्या वेळेनं गार झाला. वाळूतून निघाला, लेथवर चढला, तपासला गेला. मिलची माणसं मात्र आली नाहीत. भट्टी विझली होती. रोल आवारात पडून राहिला, गोणपाटाखाली. रणजीत भांडला नाही. फक्त तिला वर्षाली म्हणायचं सोडून मॅडम म्हणू लागला. ते भांडणापेक्षा जास्त लागायचं.

एका रविवारी कासारवाडीच्या आपल्या खोलीतून तिनं नवनाथला फोन लावला. तो आता एका गोदामात माल उतरवायच्या कामाला लागला होता. त्यानं पहिलं तेच विचारलं.

“रोल कसा निघाला, ताई?”

केसाएवढी भेग होती, असं म्हटलं असतं तर दोघांनाही रात्री झोप लागली असती.

“चांगला निघाला. कुठंच काही नाही.”



“म्हणजे तवाच काढला असता तरीबी...”

“माहीत नाही, नवनाथ. हळू गार झाला म्हणून चांगला निघाला, का तसाही निघाला असता, ते आता कळायचं नाही. मलाही नाही.”

मागून एक तरणा, चिडका आवाज आला. “दादा, भात निवायलाय. जेवायचं का न्हाई?”

“भीमराज का?”

“व्हय. धड बोलत न्हाई माझ्याशी. हातातोंडाशी आलेलं काम तूच घालवलं म्हणतो.”

“तू त्याला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू ताई? जो फुटलाच न्हाई, त्याचं काय सांगू?”

मग “आलो रं” असं तो बाजूला ओरडला. फोन कट करायचं राहून गेलं. ताटं सरकली, भाऊ भावावर पुन्हा खेकसला, आणि वर्षाली फोन कानाशी धरून ते भांडण ऐकत राहिली, ते दोघं जेवून उठेपर्यंत.