खुर्चीची कुरकुर

मित्रांनो, मला एका दिशेला तोंड करून राहवतच नाही. मी जुनी फिरती खुर्ची आहे. वळले की माझा मधला दांडा कुरकुरतो.

माझी पहिली नोकरी एका प्रकाशकाच्या कचेरीत झाली. तिथे येणारे सगळे बाहेरच्यांना सारखेच वाटत. मला मात्र कोणी बसलं की कळायचं. मुद्रितशोधक पुढे वाकायचे, नाक कागदाला लावून, पाय जमिनीवर घट्ट. एकेक अक्षर तपासायचं तर हलून चालत नाही. संपादक आरामात मागे रेलायचे आणि एकदम पुढे येऊन अख्खं पान काढून टाकायचे. लेखक आले की मी बहुतेक रिकामीच, कारण ते खोलीभर फेऱ्या मारायचे.

कचेरीत नव्या खुर्च्या आल्या तेव्हा तिथून काम नेणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणलं. बाई भाषांतर करायच्या. डावीकडे परक्या भाषेतलं पुस्तक, उजवीकडे कॉम्प्युटर. एक वाक्य वाचायचं, वळायचं, लिहायचं. शंका आली की पुन्हा डावीकडे. दिवसभर कुर्र, कुर्र.

बाईंचे यजमान गाड्या दुरुस्त करायचे. बायको काय करते, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "टायपिंग."

बाई आतून ओरडायच्या, "टायपिंग नाही हो! उद्या मीही सांगेन, आमचे हे गाड्या धुतात!"

एकदा ते तेलाची बाटली घेऊन आले, तर बाईंनी अडवलं. "राहू द्या. आवाज थांबला की चहा आणायचा, एवढं तरी कळतं तुम्हाला."

एका दुपारी आवाज थांबला. यजमान चहा घेऊन आले. बाई माझ्या पाठीवर मान टाकून बसल्या होत्या. त्या उठल्याच नाहीत.

पुस्तक अर्ध्यावर राहिलं होतं. बाईंच्या हातचं शेवटचं. प्रकाशकाने ते पुरं करायला एका नावाजलेल्या लेखकांना पाठवलं. हे बसून लिहिणारे निघाले. भराभर पानं भरू लागली, पण एकदाही डावीकडे वळेनात. मला कसंसंच होऊ लागलं.

यजमान दारात आले. "मला यातलं कळत नाही. पण खुर्ची का वाजत नाही?"

लेखकांनी शेजारचं मिटलेलं पुस्तक पाहिलं आणि ओशाळून हसले. "अहो, मी माझंच लिहीत सुटलो. नायिकेला एक भाऊसुद्धा दिला. मूळ पुस्तकात नाहीच तो."

"मग जाताना त्याला घेऊन जा."

"नेतो. मला सुचतं, ते माझं काम. दुसऱ्याला सुचलेलं इमानाने इकडे आणणं हे वेगळं काम आहे. भाषांतरकारच बोलवा."

आता एक मुलगी येते. पहिल्याच दिवशी ती डावीकडे वळली, कुर्र, आणि स्वयंपाकघरातली भांड्यांची खडखड एकदम थांबली.

"काका, तेल आहे का? फार वाजते ही."

"आहे. पुस्तक संपू दे."

शेजाऱ्यांनी विचारलं, ही टायपिंगला येते का? यजमान म्हणाले, "भाषांतर करते." आणि पुढे म्हणाले, "आमची हीसुद्धा तेच करायची."

मित्रांनो, घरातलं माणूस काय काम करतं, ते त्यालाच नीट विचारून घ्या. जुन्या वस्तूंना तेलपाणी करा. मला मात्र एवढ्यात तेल घालू नका. मुलगी नुसती विचार करायला थांबली आणि मी गप्प झाले, तरी यजमान धावत येतात. कपातला निम्मा चहा बशीत सांडलेला असतो.