काठाबाहेरच्या रेघा

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी जीभ झडो! आणि ती झडली तर सगळ्यात जास्त आनंद आमच्या सूनबाईंना होईल, तेव्हा मी उगाच कशाला धोका पत्करू?

तर ती मुलगी. तिला सगळे ठिणगी म्हणायचे. ती चिडली की समोरच्या दुकानातले बूट जोडीजोडीनं उठून उभे राहायचे. सहा महिने ती मामाकडे काम शिकत होती. मामा जुन्या बंदुकांचे लाकडी दस्ते दुरुस्त करायचा. हात घसरू नये म्हणून दस्त्यावर बारीक चौकड्यांची जाळी कोरलेली असते. वापरून वापरून ती झिजते, पार गुळगुळीत होते. ती पुन्हा उठवायची. आधी ब्रशनं वर्षानुवर्षांचा मळ काढायचा, मग दिवा आडवा धरून जुनी रेघ शोधायची आणि त्याच रेघेतून छोटी दातेरी कानस पुढेमागे फिरवायची. काठ जवळ आला की थांबायचं, कानस उलटी धरायची आणि काठाकडून आत यायचं. नाहीतर ती सटकते आणि रेघ जाते जाळीच्या बाहेर, चांगल्या लाकडावर.

मामाचा नियम एकच. अशा तीन रेघा गेल्या की शिकणाऱ्यानं आपली पिशवी उचलायची आणि चालू लागायचं.

ठिणगीच्या दोन झाल्या होत्या. त्या दिवशी तिच्यापुढे एका शिक्षिकाबाईंच्या वडिलांची बंदूक होती. शेवटच्या दहा रेघा उरल्या होत्या. ती श्वास रोखून काठाशी आली, आणि मामा तिच्या कानाशी गरजला, "हळू! हळू म्हटलं ना!"

सटकलीच.

"तीन," मामा म्हणाला.

"तू कानात ओरडलास म्हणून गेली ती!"

"शांतता हवी तर वाचनालयात जा. मी जन्मात एक रेघ काठाबाहेर जाऊ दिली नाही. एक! तो बघ."

तो म्हणजे भिंतीवर टांगलेला दस्ता. मामानं तरुणपणी केलेला, जाळीभोवती बोटभर रुंद नक्षीची पट्टी. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून दाखवून मामानं त्याचं देवघर करून ठेवलं होतं.

"जाताना तेवढा पुसून ठेव. कोरड्या फडक्यानं," म्हणत मामा आत चहा प्यायला गेला.

कोरड्या फडक्यानं? ठिणगीचं डोकं असं तापलं होतं की त्यावर मामाचा चहा उकळला असता. तिनं दस्ता खाली ओढला, स्पिरिटची बाटली उपडी केली आणि ब्रश असा घासला की जणू मामाचं टक्कलच घासतेय. पट्टीच्या कडेनं काहीतरी तपकिरी पाघळायला लागलं. लाख! खाच बुजवायला भुसा कालवून भरलेली लाख. ती निघाली आणि खालून रेघ दिसली. पट्टी ओलांडून बाहेर गेलेली, चांगली लांबलचक. मग दुसरी. मग तिसरी.

"मामा! बाहेर ये!"

मामा कप घेऊन आला, मागून मामी.

"अकरा आहेत," ठिणगी म्हणाली. "मोज."

"स्पिरिट लावायला कुणी सांगितलं होतं?"

"लाख भरायला कुणी सांगितलं होतं?"

"अहो," मामी म्हणाली, "हा दस्ता बघून मी तुम्हाला होकार दिला होता."

मामा स्टुलावर बसला. "माझ्या उस्तादानं पट्टी पहिल्याच आठवड्यात शिकवली. रेघ बाहेर गेली, तिच्यावरून नक्षीची पट्टी कोर, ती झाकून टाक. त्याहून लांब गेली, लाख भर. मग माझा हात काठाशी थांबायलाच शिकला नाही. दहा वर्षं गेली त्यात. म्हणून तुला पट्टी दाखवली नाही."

"मग हे सांगायचं होतंस ना! 'जन्मात एक नाही' कशाला सांगितलंस? माझे हातच दगडाचे आहेत म्हणून मी रोज घरी जाऊन रडत होते!"

मामानं कप खाली ठेवला आणि पुटपुटला, "बाईंच्या दस्त्याला पट्टी मार. रेघ झाकली जाईल. शिकवतो."

"नको. बाईंना रेघ दाखवीन आणि माझी आहे म्हणून सांगीन. आणि पिशवी उचलणार नाही. तुला कुणी उचलायला लावली होती?"

ती परत बाकावर बसली. परवानगी मागितली नाही. नाकपुड्या अजून फुललेल्या होत्या. तिनं कानस उलटी धरली.

"दिवा धर. आडवा. आणि तोंड बंद."

मामानं दिवा धरला. सगळ्या, उरलेल्या सगळ्या रेघा होईपर्यंत धरला. ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढचे आठ दिवसही नाही.

बरं, एक तेवढं मी पदरचं घातलंय. रेघा अकरा नव्हत्या, चार होत्या. पण चार म्हटलं असतं तर तुम्ही मामाचीच बाजू घेतली असतीत.