डावीकडून तिसरी

मी कुसवातीचा मोबाईल बोलतोय. गोड बोलणार नाही, आधीच सांगतो.

इंडोनेशियातल्या पेकालोंगानला आलो तेव्हाच मी जुना होतो, कोपरा फुटलेला. कुसवाती हर्तिनीबाईंच्या बाटिकच्या कारखान्यात कामाला. कापडांचे फोटो काढायचे आणि खाली चार ओळी लिहून ते इंटरनेटवर सगळ्यांना दाखवायचे, हे तिचं काम. डोळा माझा, शाबासकी तिची. त्याचं मला काही नव्हतं.

माझ्यातच कापड रंगवणाऱ्या बायकांचा मेसेजचा एक गट होता. कुणाची नीळ फिकी उतरली की ‘निळाई’ नावाची बाई हमखास उत्तर द्यायची, “निळीच्या पिंपात गूळ कमी पडला गं. अजून दोन दिवस मुरू दे.” तिला कुणी पाहिलं नव्हतं.

एके सकाळी निळाईने नाव बदललं. ‘डावीकडून तिसरी’.

“नवऱ्याने तिसरी केली की काय?”

“अगं, गल्लीतलं घर असेल, डावीकडून तिसरं!”

कुसवातीनेही लिहिलं, “नीळ डोक्यात गेली वाटतं.”

दुपारी जेवताना मात्र तिचा घास हातातच राहिला. ‘डावीकडून’ हा शब्द तर तीच लिहायची, फोटोंखाली! तिने उष्ट्या हातानेच मला उघडलं. प्रदर्शनातल्या बक्षिसाचा फोटो. खाली तिचीच ओळ : ‘डावीकडून – हर्तिनीबाई, त्यांची मुलगी, मदतनीस, प्रमुख पाहुणे.’

तिने फोटो मोठा केला. डावीकडून तिसऱ्या, त्या मदतनीस बाईचे हात कोपरापर्यंत निळे होते. बाकी सगळ्यांचे स्वच्छ.

“बक्षीस तर निळ्या रंगालाच मिळालं होतं,” ती पुटपुटली.

माझा संताप संताप झाला. त्या चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती मी टिपली होती. नाव टिपणं एवढंच हिच्याकडे होतं!

ती मला हातात धरून तडक बाईंकडे गेली. “बाई, ही कोण?”

“ती होय? गेली सोडून. फार तोंड चालायचं तिचं.”

“नाव काय?”

“अकरा वर्षं होती इथे, रंगवाली म्हणायचो आम्ही.”

“अकरा वर्षं?”

“मग? आरती ओवाळायची होती का?”

कुसवातीने तीनदा लिहून तीनदा खोडलं. शेवटी निळाईला पाठवलं, “ती ओळ मीच लिहिली. चुकले. नाव सांगाल?”

उत्तर आलं, “फोटो काढताना मी तुझ्यापासून चार पावलांवर उभी होते. तेव्हा विचारायचंस.”

मग आणखी एक शब्द आला. “कार्सिनाह.”

कुसवातीने ओळ बदलली : ‘कापड रंगवणाऱ्या कार्सिनाह.’ अर्ध्या तासात बाईंचा फोन.

“काढ ते आधी!”

“नाही काढणार.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येत.”



आता आम्ही घरी आहोत. माझी बॅटरी फुगलीय, फार दिवस चालेन असं वाटत नाही. कार्सिनाहने गट सोडला. तिने माफ केलं की नाही, कळलं नाही. आणि तिने का कळवावं?

माझा राग काही उतरलेला नाही. तुमच्या फोटोंतही असेल अशी एखादी, कडेला, मागे, कुणाच्या तरी खांद्याआड. तुमच्या मोबाईलला तिचा चेहरा पाठ आहे. ती आहे तोवर जा, आणि नाव विचारून या.