चिनी भाषेतले माझे वडील

कनिष्ठ-मध्यम स्तराच्या चिनी भाषेत माझे वडील डॉक्टर आहेत. गेली दोन वर्षे ते सकाळी आठला रुग्णालयात जातात, संध्याकाळी बागेत फिरतात आणि रविवारी मला व माझ्या धाकट्या भावाला डोंगरावर नेतात. मला भाऊ नाही. पण त्या आठवड्यात तुलनेची वाक्ये शिकायची होती आणि कुणापेक्षा तरी उंच असणे मला भाग होते.

मराठीत माझे वडील लिफ्ट दुरुस्त करतात.

चौथ्या धड्यात व्यवसाय चारच होते: डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यवस्थापक. मॅडम त्या भाषेच्या देशातून आलेल्या. आमच्या भाषेतले ‘बरं’ आणि ‘बसा’ एवढे दोनच शब्द त्यांना अवगत होते. त्यांनी प्रत्येकाला घरची माणसे विचारली आणि सात विद्यार्थ्यांच्या त्या ओल येणाऱ्या खोलीत बघता बघता पाच डॉक्टर व चार वकील जमले. एवढ्या प्रतिष्ठित घराण्यांतली मुले मोडक्या बाकांवर का बसतात, असा प्रश्न मॅडमना पडला असावा. पण तो विचारण्याइतके शब्द त्यांनी आम्हाला अजून शिकवले नव्हते.

माझ्या शेजारी निवृत्त पोस्टमास्तर बसत. ते चौथ्यांदा याच स्तरावर होते आणि पुढे सरकण्याची त्यांना मुळीच घाई नव्हती.

“खरं बोलायला वरचा वर्ग लागतो रे बाबा,” ते एकदा म्हणाले. “इथे माझी बायको रोज सकाळी उठते, चहा करते, हवा कशी आहे ते सांगते. वर गेलो की ‘वारली’ हा शब्द शिकावा लागेल. कशाला?”

मी या भाषेकडे वळलो तो कवितेच्या ओढीने. धुक्यात विरघळणारा डोंगर, नदीवर थांबलेली एकटी होडी, कुणी न ठोठावलेले दार, हे सारे मला मुळातून वाचायचे होते. पदरात पडले ते ‘माफ करा, बँक कुठे आहे?’ हे वाक्य. चार सहामाह्या आम्ही ती बँक शोधत होतो. ती नेहमी पुस्तकांच्या दुकानाच्या डावीकडे असे आणि तिथे कोणीही कधी पोहोचत नसे.

अशात सूचनाफलकावर कागद लागला: गरजू व गुणी विद्यार्थ्यासाठी एक जागा, तिकडच्या विद्यापीठात एक वर्ष, राहण्याजेवणासह. ही जागा हुकली तर मामांनी त्यांच्या टाइल्सच्या गोदामात माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवलीच होती. मी अर्ज केला, आणि आठवड्याभरात मॅडमनी मला बोलावले. त्यांच्यापुढे माझ्या सगळ्या निबंधांची फाइल होती.

“तुझे वडील डॉक्टर आहेत,” त्या आमच्या स्तराच्या चिनी भाषेत सावकाश म्हणाल्या. “आई वकील आहे. घर मोठे आहे. घरामागे बाग आहे. कुत्रा पांढरा आहे. तू गरीब नाहीस.”

मी विभागप्रमुखांकडे धावलो. “सर, उत्पन्नाचा दाखला जोडलाय की अर्जाला!”

“दाखला आपल्या भाषेत आहे. समितीतल्या दोघांना तो वाचता येत नाही. निबंध येतात.” त्यांनी चष्मा काढला. “आणि निबंध फार शुद्ध आहेत तुझे. गुरुवारी मुलाखत आहे, काय ते तिथे सांग.”

घरी सांगणे प्राप्तच होते. बाबा जेवत होते. त्यांच्या नखांत ग्रीस होते, ते साबणाने जात नाही.

“मला वकील केलंस?” आईने कपाळाला हात लावला. “या घरात एक तरी केस जिंकलेय का मी?”

बाबा हसतील असे मला वाटले. ते हसले नाहीत.

“माझ्या कामाची लाज वाटली का रे?”

“नाही हो बाबा. त्या धड्यात शब्दच नव्हता.”

“धड्यात नव्हता, ठीक. पण दोन वर्षं झाली.” त्यांनी पाण्याचा पेला सरकवला. “शब्दकोश आहे ना तुझ्याकडे? जाडजूड?”

मी उठून तो काढला.

शब्दकोशात शब्द होता. गुरुवारपर्यंत मी तो घोकला, आणि तीन परीक्षकांसमोर बसताच तो कापरासारखा उडून गेला. उरले ते लहान लहान शब्द. मी म्हणालो: माझे वडील डॉक्टर नाहीत. उंच घरात एक लहान खोली असते. ती खोली वर जाते, खाली येते. कधी कधी ती जात नाही. आत माणसे असतात. माणसे घाबरतात. माझे वडील येतात. ते म्हणतात, घाबरू नका. मग दार उघडते.

मॅडमनी फाइल हळूच मिटली. विभागप्रमुखांनी कागदावरच्या खुणा मोजल्या.

“अकरा चुका,” ते म्हणाले. “म्हणजे तू गरजू आहेस हे सिद्ध झालं. आता गुणी म्हणता येणार नाही.”

जागा आमच्या वर्गातल्या एका मुलीला मिळाली. तिचे वडील खरोखरीच हृदयाचे डॉक्टर. पण चौथ्या धड्याच्या वेळी ती गैरहजर होती, त्यामुळे ते कोण हे तिला कधी लिहिताच आले नाही. ‘बाबा उशिरा घरी येतात. बाबा फार थकतात,’ एवढेच ती दोन वर्षे लिहीत आली. समितीचे डोळे पाणावले म्हणे.

घरी पोहोचलो तेव्हा बाबा ओट्यापाशी उभे होते.

“गेली जागा,” मी म्हणालो.

“ते तोंडावरच दिसतंय. माझ्याबद्दल काय सांगितलंस?”

मी ती सारी वाक्ये मराठीत ऐकवली. त्यांनी डोळे बारीक करून ऐकले, एखाद्या मोटरचा आवाज ऐकावा तसे.

“चूक आहे,” ते म्हणाले.

“अकरा आहेत.”

“ते तुझे सर बघतील. कामाची चूक सांगतोय. गेल्या गेल्या मी ‘घाबरू नका’ म्हणतच नाही. आधी वर मोटरच्या खोलीतून विचारतो, आत किती माणसं आहेत? थोडी असली तर ब्रेक सैल केल्यावर दोराच्या दुसऱ्या टोकाच्या वजनाने लिफ्ट वर सरकते, ठासून भरलेली असली तर खाली. ते कळल्याशिवाय हात लावायचा नसतो. आधी माणसं मोजायची, धीर मागाहून.” मग म्हणाले, “एवढं तरी विचारता येतं का तुला त्यांच्या भाषेत?”

येत होते. अगदी पहिल्या धड्यात ते होते, फक्त तिथे लिफ्टऐवजी घर होते. मी म्हणून दाखवले.

“पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हणालो.

“मोठ्यांदा म्हण की,” बाबा म्हणाले. “मधे दोन मजले असतात.”